जुने यंत्र आणि अण्णांची अक्षरे

आमच्या घरच्या बैठकीत एका कोपऱ्यात, सौ.नी विणलेल्या जाळीच्या आच्छादनाखाली, एक संगणक गेली कित्येक वर्षे विश्रांती घेत होता. २०११ साली तो घरात आला, त्या वेळी शेजारपाजारची मुले त्याला पाहावयास येत. पुढे कन्येचे शिक्षण संपले, ती पुण्यास नोकरीला गेली, आणि घरातील सारे व्यवहार हातातल्या फोनवर होऊ लागले. संगणक सुरू केला, तर पडद्यावर काही उमटेपर्यंत चहा करून पिऊन व्हावा, अशी त्याची अवस्था झाली. गेल्या महिन्यात कन्येचा फोन आला, ‘बाबा, आजोबांच्या आठवणी तुम्ही लिहून घेतल्या होत्या ना? त्या मला पाठवा.’ त्या आठवणी त्याच यंत्रात होत्या. तेव्हा त्याला जागे करणे भाग पडले.

हा अनुभव आमच्या घरापुरता असता, तर या पानाची जागा आम्ही त्यासाठी अडवली नसती. परंतु मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज ७ या प्रणालीला आधार देणे १४ जानेवारी २०२० रोजी बंद केले आणि विंडोज १० ची नियमित मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नंतरच्या विंडोज ११ ला किमान चार जीबी स्मृती आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. साहजिकच इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या कित्येक वाचकांच्या घरी असा एखादा संगणक असेल, की ज्याचा देह शाबूत आहे, पण ज्याचा कारभार आता चालत नाही. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणजे काय, ते सांगावयास हवे. शाळेत मुले हा प्रश्न विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याकडे नेतो. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाच्या आखणीने सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी जमिनीखालच्या मार्गाने गावापर्यंत आणले गेले. वरून पाहणाऱ्याला ओळीने विहिरींसारख्या कुंड्या तेवढ्या दिसतात. त्यांना आतून जोडणारा मार्ग कोणाला दिसत नाही, आणि खरे काम तर तोच करतो. संगणकाचेही तसेच आहे. आपण पत्र लिहितो, हिशेब करतो, छायाचित्रे पाहतो, त्या साऱ्या कुंड्या झाल्या. त्यांना आतून जोडणारी, कळफलकाचा ठोका पडद्यापर्यंत आणि पडद्यावरील मजकूर साठवणीच्या तबकडीपर्यंत पोहोचवणारी जी व्यवस्था, ती संचालन प्रणाली होय. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतींवर पाण्यातील चुन्याची पुटे चढून वाट अरुंद होत जाते. त्याचप्रमाणे वर्षानुवर्षे एकावर एक भरलेले कार्यक्रम आणि यंत्र सुरू होताच आपण होऊन जागे होणारे त्यांचे अंश यांनी प्रणालीची वाट कोंडते. अशा वेळी जुनी प्रणाली पुसून नवी बसवावी लागते.

आमचा एक जुना विद्यार्थी संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवितो. आम्ही बोलावताच तो रविवारी सकाळी आला. यंत्र सुरू करून पाच मिनिटे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘सर, हे तर पार हँग होऊन राहिलं.’

‘हँग होत आहे, असे म्हण,’ आम्ही सवयीने म्हणालो. तीस वर्षांची मास्तरकी अशी सहजासहजी जात नाही.

तो हसला. ‘बरं सर. फॉर्मेट मारून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे. काही ठेवायचं आहे का?’

या प्रश्नाचे उत्तर जितक्या सहजपणे आम्ही दिले, तितक्या सहजपणे कोणीही देऊ नये, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. आम्ही म्हणालो, ‘सगळे डी ड्राइव्हवर आहे. सी वर आमचे काही नाही.’ संगणकाच्या तबकडीचे बहुधा असे दोन भाग पाडलेले असतात. सी भागात प्रणाली राहते, डी भागात आपले कागदपत्र. नवी प्रणाली बसवताना सी पुसला जातो आणि नीट लक्ष ठेवले तर डी तसाच राहतो. हे ज्ञान आमच्याजवळ होते, आणि त्यावर आमचा भरवसाही होता.

विद्यार्थी मात्र सावध निघाला. ‘तरी एकदा सगळं बाहेर काढून घेऊ,’ असे म्हणून त्याने डी मधील सर्व काही आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. ‘अण्णांच्या आठवणी’ ही फाइल त्यात होती. खात्री करावी म्हणून आम्ही ती उघडावयास सांगितली.

पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, अवतरणचिन्हे आणि तिरप्या रेघा यांचे चौसष्ट पानांचे रान माजले होते. कोठेही काना नाही, मात्रा नाही. एखाद्या विषाणूने फाइल खाल्ली, असे आम्हांस वाटले. अण्णा २०१४ साली गेले. त्यापूर्वी दोन वर्षे, रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर, ते सांगत आणि आम्ही टंकलेखन करीत असू. या मजकुराची छापील प्रत आम्ही कधी काढली नव्हती. अण्णांची सारी नोकरी नेपानगरच्या कागद-कारखान्यात गेली. १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला, देशातील पहिला वृत्तपत्र-कागदाचा तो कारखाना. ज्या माणसाने छत्तीस वर्षे कागद तयार होताना पाहिला, त्याच्या आठवणींसाठी आम्हांस चौसष्ट कागद मिळाले नव्हते!

विद्यार्थ्याने आमचा चेहरा पाहिला असावा. ‘सर, फाइल ठीक आहे. फाँट नाही,’ तो म्हणाला. त्याने एका शब्दावर बोट ठेवले. तेथे आर, के, आय, एच ही चार इंग्रजी अक्षरे होती. ‘हे “तापी” आहे.’ दुसऱ्या ओळीत डी, एस, मोठा जी आणि एच. ‘हे “केळी”.’

घडले होते ते असे. त्या काळी कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे नाना प्रकारचे फाँट प्रचारात होते. आमच्या प्रदेशात टंकलेखनाच्या परीक्षेमुळे हिंदी वळणाचा फाँट घरोघरी होता, आणि आम्हीही तोच वापरला. या फाँटांची युक्ती मोठी चमत्कारिक असे. संगणकाला कळत होती ती इंग्रजी अक्षरेच. साठवली जात तीही इंग्रजी अक्षरेच. केवळ पडद्यावर दाखवताना इंग्रजी ‘आर’च्या जागी ‘त’चे चित्र आणि ‘आय’च्या जागी ‘प’चे चित्र काढले जाई. म्हणजे आमच्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. मराठीचा मुखवटा तेवढा होता, आणि तो मुखवटा सी भागातील फाँटांच्या कप्प्यात टांगलेला होता. आम्ही ‘सी वर आमचे काही नाही’ म्हणालो, आणि तेथे तर आमची सगळी अक्षरे होती. विद्यार्थ्याने आमचे ऐकून अर्ध्या तासात काम उरकले असते, तर कागदपत्र जागच्या जागी राहिले असते आणि ते वाचण्याची किल्ली आम्ही स्वतःच पुसून टाकली असती. तो फाँट फार प्रचलित असल्याने पुढेमागे दुसरीकडे सापडलाही असता. पण ज्यांनी एखाद्या छापखान्याने करून दिलेला खास फाँट वापरला असेल, त्यांना तो कोठून मिळणार?

आमच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेले एक दप्तर आहे. आमचे आजोबा रावेरहून येथे आले आणि त्यांनी धान्याची आडत चालविली. त्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि काही पत्रे त्या दप्तरात आहेत. सारे मोडीत आहे. अण्णांना ते अडखळत का होईना, वाचता येई. आम्ही मराठीचे एम. ए., पण त्यातील ‘श्री’पलीकडे आम्हांस काही उमगत नाही. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, भाषाही आपलीच आहे, तथापि लिपीची किल्ली एका पिढीत हरवली. मोडीला एवढे होण्यास शेकडो वर्षांचा वापर थांबावा लागला. आमच्या फाइलचे तेच बारा-तेरा वर्षांत होऊ घातले होते. आमच्याच गावच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरचा एक संस्कृत लेख आहे. देवनागरीत कोरलेला तो लेख चार शतकांनंतरही आमची मुले अक्षर लावून वाचू शकतात, कारण दगडावरील अक्षर दुसऱ्या कोणाच्या आधारावर उभे नसते.

या दुखण्यावर उपाय नव्हता असे नाही. १९८६ साली शासनाने भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा समान कळफलक ठरविला. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे संकेतमानक प्रसिद्ध केले, आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर पुष्कळ काम केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडाने देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतःचा विभाग दिला. तेथे ‘त’ हा ‘त’ म्हणूनच साठविला जातो, आणि फाँट कोणताही असो, यंत्र कोणतेही असो, तो ‘त’च राहतो. २०१४ साली तर मोडीलाही युनिकोडात जागा मिळाली. २०११ साली हे सारे आमच्या यंत्रात उपलब्ध होते. आम्हीच हाताला सवय झालेला जुना फाँट सोडला नाही. दोष यंत्राचा नव्हता.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. विद्यार्थ्याने प्रथम सी मधील फाँटांचा संपूर्ण कप्पा बाहेर काढला. त्यानंतर मेजावर आणि ‘डाउनलोड’मध्ये पडलेल्या वस्तू, ब्राउझरमधील खुणा, छपाईयंत्राचे नाव व क्रमांक, ज्या कार्यक्रमांसाठी पैसे भरले होते त्यांचे परवाना-क्रमांक, हे सारे कागदावर आणि दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घेतले. एक प्रत ही प्रत नव्हे, असा त्याचा दंडक आहे. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय तो पुढे जात नाही. आमचे दैव त्या दंडकामुळेच उघडले.

नवी प्रणाली म्हणून आम्ही लिनक्स निवडली. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा रचला. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि तिची हलकी रूपे जुन्या यंत्रावर सुखाने चालतात. आपल्या सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ या नावाने तिचे भारतीय रूप काढले, आणि केरळातील शासकीय शाळांत तर मुले संगणक शिकतात ती लिनक्सवरच. आम्ही ‘मिंट’चे एक्सएफसीई हे हलके रूप घेतले. त्याला दोन जीबी स्मृती पुरते, तरी विद्यार्थ्याने ती चार जीबी करविली आणि जुन्या फिरत्या तबकडीशेजारी एक लहान एसएसडी बसविली. यंत्राला खरा वेग या दोन गोष्टींनी आला, हे सांगितले पाहिजे. केवळ प्रणाली बदलून म्हातारे यंत्र तरुण होत नाही.

कृती अशी. दुसऱ्या संगणकावर प्रणाली उतरवून ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ‘बूटेबल’ करावयाची, म्हणजे यंत्र त्यावरूनच सुरू होईल अशी. नुसती फाइल नकलून चालत नाही. मग जुने यंत्र सुरू होताच, कोठे एफ-१२, कोठे एफ-२, कोठे डिलीट, अशी कळ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरुवात करावयाची. मिंट आधी न बसविता वापरून पाहता येते. पडदा, ध्वनी, वाय-फाय नीट चालतात का, ते त्या वेळीच पाहावे. त्यानंतर ‘स्थापना’ निवडली, की प्रणाली कोठे ठेवू, असे यंत्र विचारते. संपूर्ण तबकडी पुसण्याचा पर्याय अगदी पुढ्यात असतो, आणि घाईच्या माणसाचे बोट त्यावरच जाते. येथे थांबावे, तबकडीचा आकार वाचावा, शेजाऱ्यालाही वाचावयास लावावे, आणि मगच पुढे जावे. आमचे काम चाळीस मिनिटांत झाले. यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा सौ.नी चहा ठेवला होता. तो उकळण्यापूर्वीच पडदा उजळला.

जुना फाँट नव्या प्रणालीत बसविला आणि फाइल उघडली. अण्णांचे पहिले वाक्य दिसले, तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

पण फाइल अजून मुखवट्यावरच जगत होती. तिला खऱ्या अक्षरांत आणण्यासाठी विद्यार्थ्याने एका रूपांतरकातून ती युनिकोडात काढली. असे यांत्रिक रूपांतर बव्हंशी बरोबर येते, सर्वस्वी येत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, युनिकोडात ती नंतर येते. रफाराचे याच्या उलट. जोडाक्षरांच्या ठिकाणी मजकूर विस्कटला होता. म्हणून आम्ही रोज रात्री आठ पाने वाचून सुधारू लागलो. सौ. जुन्या फाँटातील मजकूर वाचून दाखवीत, आम्ही नवा तपासत असू.

दुसऱ्याच रात्री त्या थांबल्या. ‘अण्णा गावाचं नाव असं कधी घेत नव्हते,’ त्या म्हणाल्या.

आम्ही पाहिले. चौसष्ट पानांत सर्वत्र ‘बुरहानपुर’ होते, स्टेशनवरच्या पाटीवर आहे तसे. अण्णा आयुष्यभर ‘बऱ्हाणपूर’ म्हणत. त्या हिंदी फाँटात ‘ऱ्ह’ आम्हांस कधी सापडला नव्हता, म्हणून आम्ही अक्षराच्या सोयीसाठी गावाचे नावच बदलून टाकले होते. युनिकोडात नुक्ता असलेला ‘ऱ’ स्वतंत्र आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग यू अशा कळा दाबल्या, की ‘ऱ्ह’ उमटतो. आम्ही प्रत्येक ठिकाणी ‘बऱ्हाणपूर’ केले. एवढे करताना मनाला मोठे समाधान वाटले.

ते समाधान तापीच्या पुराच्या पानापर्यंत टिकले. ‘पाणी घाटाच्या पायऱ्या चढत होते,’ असे वाक्य तेथे होते. सौ. म्हणाल्या, ‘ “पाणी चढून राहिलं होतं”, असं म्हणाले असतील अण्णा.’ खरेच होते. अण्णा तसेच बोलत. आपल्या तापीकाठचे सारे लोक तसेच बोलतात. आमचा तो विद्यार्थीही तसेच बोलला होता, आणि आम्ही त्याला सुधारले होते. दहा-बारा वर्षांपूर्वी, रोज संध्याकाळी, अण्णा बोलत असताना आमची बोटे त्यांनाही सुधारीत होती. पानामागून पाने प्रमाण मराठीत उतरली होती. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, आणि अण्णा मात्र त्यात फार थोडे उरले होते.

हे नुकसान कोणताही रूपांतरक भरून देत नाही. जेथे त्यांचे बोलणे आम्हां दोघांच्या कानात निश्चित आहे, तेथे आम्ही ते परत लिहिले. अशी जागा अकरा पानांत मिळून भरली. उरलेल्या ठिकाणी हात लावला नाही. आपण रचलेले वाक्य अण्णांच्या तोंडी घालणे हा दुसरा अपराध झाला असता. कन्येला फाइल पाठविली, तेव्हा आरंभी एक टीप जोडून ही गोष्ट सांगितली. छापील प्रतीही काढल्या, तीन.

वाचकहो, आपल्या घरी जुना संगणक असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी किंवा पुसण्यापूर्वी एकदा सुरू करा. त्यातील मराठी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. ती वाचता आली नाही, तर आधी फाँट जपा, मग ती युनिकोडात आणा, आणि नंतरच प्रणालीला हात लावा. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्या घरातील मराठी जशी आहे, तशी दुसऱ्या कोठेही साठवलेली नाही. ग्वाल्हेरची निराळी, बडोद्याची निराळी, तंजावरची तर अगदीच निराळी. आपल्याकडे कोणी वडीलधारे बोलत असतील, तर ते बोलतात तसेच लिहून घ्या. शुद्धलेखन नंतरही करता येते.

आमचा विद्यार्थी परवा पैसे घ्यावयास आला होता. ‘कसं चालून राहिलं, सर?’ त्याने विचारले.

‘छान चालून राहिलं,’ आम्ही म्हणालो.

माळ्यावरचे लाल दप्तर खाली काढून ठेवले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडी शिकावयाची आहे.